सर्वकालीन संघात 1967 ची रेघ हवीच

जुलै 2024 मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा ही दोन विद्यापीठं अमेरिकेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये दाखल झाली आणि कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांमधला एक जुना वाद नव्याने पेटला. या कॉन्फरन्सचा सर्वकालीन संघ निवडायचा झाला, तर अर्ल कॅम्पबेलला आता त्यात धरायचं का? कॅम्पबेल टेक्ससचा. हंगामातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याने 1977 साली पटकावली. पण तो खेळला साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये, आणि ती कॉन्फरन्स 1996 साली बंद पडली. त्याचं विद्यापीठ जवळजवळ अर्ध्या शतकानंतर नव्या घरात राहायला गेलं, म्हणून तोही आपोआप त्या घरचा होतो का?

हे जग ज्यांना फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉन्फरन्स म्हणजे आपापसात दरवर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, डिसेंबर 1932 मध्ये 13 विद्यापीठांनी स्थापन केली आणि 1933 पासून तिचे सामने सुरू झाले. अलाबामा, टेनेसी, एलएसयू (लुइझियाना स्टेट), टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम या तिच्या पाच विद्यापीठांच्या स्टेडियमांत प्रत्येकी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. महाराष्ट्रातून दरवर्षी या विद्यापीठांत शिकायला जाणारी मुलं पहिल्याच शरद ऋतूत बघतात की शनिवारी अख्खं गाव एका रंगाचे कपडे घालून रस्त्यावर उतरतं. मुंबईच्या रणजी संघाचे सर्वकालीन अकरा निवडताना आपल्याकडे जसा कडाक्याचा वाद होतो, तसाच तिथे या संघावरून होतो, आणि तितक्याच जिव्हाळ्याने.

हा वाद रिकामटेकड्यांचा खेळ आहे असं मला वाटत नाही. सर्वकालीन संघ ही त्या कॉन्फरन्सने स्वतःच्या भूतकाळाबद्दल दिलेली साक्ष असते. मान कुणाला द्यायचा हे ठरवताना काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं हेही ठरतं. म्हणूनच माझा आग्रह आहे की एसईसीचा एकच अखंड सर्वकालीन संघ निवडू नये. 1967 साली एक रेघ ओढावी आणि तिच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन संघ निवडावेत. हे का, ते सांगायच्या आधी दोन सोपे प्रश्न निकालात काढतो.

पहिला प्रश्न सदस्यत्वाचा. खेळाडू कॉन्फरन्समध्ये जे हंगाम खेळला, तेवढेच मोजावेत. कॅम्पबेल बाहेर. टेक्सस ए अँड एमचा व्हॉन मिलर बाहेर, कारण तो 2010 पर्यंत खेळला आणि त्याचं विद्यापीठ एसईसीत आलं 2012 साली. त्याच विद्यापीठाचा जॉनी मॅन्झील मात्र आत, कारण 2012 मध्ये पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असताना हाइझमन जिंकणारा पहिला खेळाडू तो ठरला, आणि तोही एसईसीत खेळून. साउथ कॅरोलायनाच्या जॉर्ज रॉजर्सने 1980 ची हाइझमन जिंकली तेव्हा ते विद्यापीठ कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हतं, म्हणून तोही बाहेर. हा नियम काहींना रुक्ष वाटतो. पण तो पाळला नाही तर विद्यापीठ विकत घेतल्यासारखा त्याचा इतिहासही विकत घेता येतो, आणि गेल्या काही वर्षांत प्रसारणाच्या पैशांपायी विद्यापीठांनी ज्या उड्या मारल्या त्या पाहता ही भीती खरी आहे. 2024 मध्ये पॅक-12 या शंभर वर्षांहून जुन्या कॉन्फरन्समधून दहा विद्यापीठं निघून गेली आणि मागे फक्त ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरली. तिथे घडलेला खेळ ही मंडळी सोबत घेऊन गेली असं मानायचं का?

हाच नियम उलट्या बाजूनेही लागू होतो, आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. जॉर्जिया टेक एसईसीचं संस्थापक सदस्य होतं. 1952 साली त्या संघाने एकही सामना गमावला नव्हता. पुढे शिष्यवृत्त्यांच्या नियमावरून प्रशिक्षक बॉबी डॉड यांचा कॉन्फरन्सशी खटका उडाला. फुटबॉल आणि बास्केटबॉल मिळून 140 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. काही विद्यापीठं गरजेपेक्षा जास्त मुलं भरती करायची आणि नको असलेल्यांना नंतर वाटेला लावायची. डॉड यांना हे मान्य नव्हतं. 1964 मध्ये जॉर्जिया टेक बाहेर पडलं आणि 1966 मध्ये टुलेन. आज त्यांच्या जुन्या खेळाडूंसाठी भांडणारं एसईसीत कुणी नाही, म्हणून जॉर्ज मॉरिस किंवा मॅक्सी बॉहन यांची नावं यादीच्या चर्चेतही येत नाहीत. मुलांना वाऱ्यावर सोडायला नकार देणाऱ्या विद्यापीठाची माणसं विस्मरणात जावीत, याची मला मनापासून चीड येते.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. 2015 मध्ये अलाबामाच्या डेरिक हेन्रीने एका हंगामात चेंडू घेऊन 2,219 यार्ड धावून जॉर्जियाच्या हर्शल वॉकरचा 1981 चा 1,891 यार्डांचा विक्रम मोडला. पण हेन्री 15 सामने खेळला होता, आणि वॉकरचा आकडा 11 सामन्यांचा आहे. सामन्यामागे हेन्रीचे यार्ड 148 च्या आसपास येतात, वॉकरचे 172 च्या आसपास. शिवाय हंगामाअखेरच्या बोल सामन्यांतली कामगिरी अधिकृत आकड्यांत धरायला सुरुवात झाली 2002 पासून. 1 जानेवारी 1981 रोजी शुगर बोलमध्ये खांदा निखळलेला असताना वॉकर नोत्र दामविरुद्ध 150 यार्ड धावला, त्याने जॉर्जियाचे दोन्ही टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार नेणं) केले, 17-10 ने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्यातला एक यार्डही त्याच्या 5,259 च्या बेरजेत नाही. हे 5,259 यार्ड त्याने तीनच हंगामांत काढले, आणि कॉन्फरन्समध्ये आजवर कुणी त्यांच्यापुढे गेलेलं नाही. रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, जागी पहिलं नाव कुणाचं, यावर मी वाद घालायलाही तयार नाही. दुसरा ऑबर्नचा बो जॅक्सन. चेंडू हातात आला की सरासरी 6.6 यार्ड पुढे नेणारा माणूस मला कुठल्याही यादीतून वगळता येत नाही. वॉकरचं पुढचं राजकारण आणि 2022 ची सिनेटची हरलेली निवडणूक या चर्चेत आणू नये. मान मैदानावरच्या कामाचा आहे.

बचावाचे आकडे तर आणखी फसवे. आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकण्याआधीच पाडणं, म्हणजे सॅक, याची अधिकृत नोंद 2000 पासून ठेवली जाते. अलाबामाच्या डेरिक थॉमसने 1988 च्या एका हंगामात 27 आणि एकूण 52 सॅक केले, तरी अधिकृत विक्रमांच्या तक्त्यात तो सापडत नाही. केवळ तक्ता बघून मत देणारा थॉमसला विसरणार, टेनेसीच्या रेजी व्हाइटलाही विसरणार. आक्रमणाच्या फळीतल्या लाइनमनचं तर आणखी वाईट. त्यांना मोजायला आकडाच नाही. अलाबामाचा गार्ड जॉन हॅना किती थोर होता हे कळायला जुन्या फिती तासन् तास बघाव्या लागतात, आणि तेही चेंडूवरची नजर मुद्दाम काढून. ज्याने हे केलेलं नाही त्याने लाइनमनसाठी मत देऊ नये, इतकं साधं आहे.

क्वार्टरबॅकवर सगळ्यात जास्त घसे कोरडे होतात. एलएसयूच्या जो बरोने 2019 मध्ये 60 टचडाउन पास टाकले आणि संघाने 15 पैकी 15 सामने जिंकले. ऑबर्नच्या कॅम न्यूटनचं 2010 तितकंच झळाळतं, 14 पैकी 14. पण न्यूटन ऑबर्नसाठी एकच हंगाम खेळला; बरो ओहायो स्टेटमधून आला होता आणि एलएसयूत दोन हंगाम होता. टेनेसीचा पेटन मॅनिंग चार वर्षं होता, 1997 मध्ये कॉन्फरन्सचा विजेता ठरला, पण सुरुवातीपासून मैदानात उतरून त्याला फ्लोरिडाला एकदाही हरवता आलं नाही. व्यावसायिक लीगमधली त्याची थोरवी आठवून त्याला इथे वर ढकलण्याचा मोह मी टाळतो. माझी निवड फ्लोरिडाचा टिम टिबो. 2006 आणि 2008 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असताना मिळालेली पहिली हाइझमन, आणि क्वार्टरबॅक असून धावत केलेले 57 टचडाउन. एसईसीतला वॉकरचा 49 चा विक्रम एका क्वार्टरबॅकने मोडावा, यातच सगळं आलं. कॉन्फरन्सचा मान कॉन्फरन्समध्ये घालवलेल्या वर्षांना मिळावा, असं मला वाटतं. हल्ली विद्यापीठ बदलणं सोपं झाल्यापासून तर हे अधिकच वाटतं.

आता मूळ मुद्दा. एसईसीच्या स्थापनेपासून 1966 च्या हंगामापर्यंत तिच्या कुठल्याही विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून एकही कृष्णवर्णीय खेळाडू कॉन्फरन्सचा सामना खेळला नाही. चौतीस हंगाम. ज्या राज्यांत लोकसंख्येतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण देशात सर्वाधिक होतं, तिथे. या काळातले खेळाडू आणि नंतरचे खेळाडू एकाच रांगेत उभे करून “सर्वांत श्रेष्ठ कोण” असं विचारणं म्हणजे ती बंद दारं होतीच असं मान्य न करणं.

दाराबाहेर कोण होतं ते बघा. स्टीव्ह स्परिअर 1966 मध्ये फ्लोरिडाकडून हाइझमन जिंकला. त्याच राज्यातल्या जॅक्सनव्हिलचा बॉब हेझ त्याच दशकात टॅलाहासीच्या फ्लोरिडा ए अँड एममध्ये, कृष्णवर्णीयांसाठीच्या विद्यापीठात, फुटबॉल खेळत होता आणि 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्ण घेऊन आला. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला त्याच्याच राज्याच्या मुख्य विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती. बर्मिंगहॅममध्ये वाढलेला बक ब्युकॅनन अलाबामाऐवजी लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगला गेला आणि 1963 मध्ये एएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. जॉर्जियातल्या व्हिडेलियाचा मेल ब्लाउंट सदर्न विद्यापीठात खेळला. हे विद्यापीठ बॅटन रूज शहरात आहे, म्हणजे एलएसयूच्या गावातच. एकाच गावात दोन संघ, आणि शनिवारी त्यांची गाठ कधीच पडायची नाही.

मिसिसिपीची गोष्ट तर सविस्तर सांगायलाच हवी. 29 सप्टेंबर 1962 रोजी जॅक्सन शहरात ओल मिस (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्ध केंटकी हा सामना चालू होता. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला ओल मिसमध्ये प्रवेश द्या, असा न्यायालयाचा आदेश होता. मध्यंतरात राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानात आले आणि त्यांनी मिसिसिपीच्या लोकांवरचं, तिथल्या चालीरीतींवरचं आपलं प्रेम जाहीर केलं. स्टेडियम दणाणून गेलं. दुसऱ्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली, दोन माणसं मेली. त्या वर्षी ओल मिसचा संघ दहा सामने खेळला आणि दहाही जिंकला. त्या खेळाडूंनी दंगल केली नव्हती, ते चांगले खेळाडू होते. पण त्या दहा विजयांची चर्चा मध्यंतरातलं ते भाषण वगळून करता येते, असं कुणी म्हणू नये.

पाच वर्षांनी, 30 सप्टेंबर 1967 रोजी, त्याच दोन संघांची लेक्सिंग्टनमध्ये गाठ पडली. केंटकीच्या बाजूने नेट नॉर्दिंग्टन मैदानात उतरला. एसईसीच्या सामन्यात खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्यासोबतच भरती झालेला आणि एकाच खोलीत राहणारा ग्रेग पेज ऑगस्टमध्ये सरावात मानेला दुखापत होऊन अंथरुणाला खिळला होता, आणि सामन्याच्या आदल्या रात्री तो गेला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मित्राच्या मृत्यूची बातमी घेऊन मैदानात उतरतो, काही मिनिटं खेळतो, खांदा दुखावून बाहेर येतो. थोड्याच आठवड्यांत त्याने केंटकी सोडलं. जाण्याआधी त्याने मागे राहिलेल्या विल्बर हॅकेट आणि ह्यूस्टन हॉग यांना सांगितलं की तुम्ही मात्र टिकून राहा. ते टिकले. हॅकेट पुढे याच कॉन्फरन्सच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला. 2016 मध्ये केंटकीने या चौघांचा पुतळा उभारला. नॉर्दिंग्टनच्या नावावर एसईसीतले धड चार आकडे नाहीत. आकड्यांवर चालणाऱ्या कुठल्याही निवडीत तो येणार नाही.

1970 च्या सप्टेंबरात सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅमने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाची दाणादाण उडवली आणि त्यामुळे दक्षिणेचे डोळे उघडले, अशी दंतकथा फार आवडीने सांगितली जाते. 42-21 हा निकाल खरा आहे. पण अलाबामाने विल्बर जॅक्सनला त्याआधीच भरती केलं होतं, आणि केंटकी-टेनेसीत तोवर कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेही होते. एका सामन्याने भिंत पाडली ही गोष्ट ऐकायला सोयीची आहे, कारण तीत न्यायालयं, चळवळ आणि एकटे पडलेले ते विद्यार्थी यांच्या वाट्याला काहीच येत नाही. ओल मिसने तर 1972 पर्यंत वाट पाहिली. त्याआधी, 1971 मध्ये, मिसिसिपीतल्या कोलंबियाचा वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटमध्ये दाखल झाला होता.

माझ्या या मताला एक प्रामाणिक आक्षेप आहे. एलएसयूच्या बिली कॅननने 31 ऑक्टोबर 1959 च्या रात्री ओल मिसविरुद्ध 89 यार्डांवरून चेंडू परत आणला आणि 7-3 ने सामना जिंकून दिला. तो नियम कॅननने केला नव्हता. समोर जे आले त्यांना त्याने हरवलं. मग त्याला शिक्षा का? तर ही शिक्षा नाहीच. 1933 ते 1966 च्या संघात कॅनन असेल, डॉन हटसन असेल, बॉब सफ्रिज, फ्रँक सिंकविच, चार्ली ट्रिपी, जो नेमथ असतील, आणि जॉर्जिया टेकच्या मॉरिसलाही तिथे हक्काची जागा मिळेल. त्या संघाच्या शीर्षकातच लिहिलेलं असेल की ही स्पर्धा फक्त श्वेतवर्णीयांसाठी खुली होती. जे होतं तेच लिहायचं. कॅननचं मोठेपण त्याने कमी होत नाही, त्याच्या विजयाचं माप फक्त बरोबर कळतं.

दुसरा आक्षेप असा, की मी आधी व्यावसायिक लीगची कीर्ती मोजू नका म्हणालो आणि आता हेझ, ब्युकॅनन, ब्लाउंट, पेटन ही व्यावसायिक लीगमध्ये गाजलेलीच नावं घेतली. हे मी संघात घालण्यासाठी घेतलेलं नाही. सदस्यत्वाच्या माझ्याच नियमाने ते एसईसीच्या कुठल्याही संघात येऊ शकत नाहीत. बाहेर ठेवलेल्यांची ताकद केवढी होती हे पुढे एका खुल्या स्पर्धेत दिसून आलं, एवढ्यापुरताच तो पुरावा आहे. आणि जे पुढे गाजले नाहीत, ज्यांना खेळायची संधीच मिळाली नाही, त्यांचा हिशेब तर कुणाकडेच नाही.

रेघ 1967 लाच का, याला खेळातलं कारणही आहे. 1953 ते 1964 या काळात बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती, त्यामुळे एकच माणूस आक्रमणातही असायचा आणि बचावातही. 1965 पासून दोन्हींसाठी स्वतंत्र फळ्या उभ्या राहिल्या आणि आजचा खेळ सुरू झाला. म्हणजे त्या दोन-तीन वर्षांच्या अलीकडे आणि पलीकडे खेळणारी माणसंही वेगळी आहेत आणि खेळही. वर्णाचा विषय निघाला की अस्वस्थ होणाऱ्या चाहत्यांनी हवं तर एवढंच कारण धरून दोन संघ मान्य करावेत. मात्र रेघेखाली खरं कारणच लिहायला हवं.

रेघेनंतरचा काळ सरसकट न्याय्य होता असंही नाही. कॉन्ड्रेज हॉलोवे 1972 मध्ये टेनेसीत एसईसीचा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळला. त्यानंतरही शाळेत क्वार्टरबॅक असलेल्या किती मुलांना कॉलेजात दुसऱ्या जागेवर ढकललं गेलं. हॉलोवेचं नाव टिबो, न्यूटन, बरो यांच्यासोबत चर्चेला यावं असं मला वाटतं, मग अखेरीस जागा कुणालाही मिळो.

डिसेंबर 2032 मध्ये एसईसीला 100 वर्षं पूर्ण होतील आणि शतकाचा संघ जाहीर करण्याचा मोह कुणालाही आवरणार नाही. निवड समिती नेमताना तीत ग्रॅम्बलिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट, फ्लोरिडा ए अँड एम यांचा खेळ जाणणारी माणसं घ्यावीत, आणि जॉर्जिया टेक व टुलेनकडूनही एकेक. मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे एसईसीतले हंगाम, सामन्यांची संख्या आणि त्या काळी बोल सामने मोजले जात होते की नाही, हे छापावं. नॉर्दिंग्टन, पेज, हॅकेट आणि हॉग यांची नावं मतदानाला ठेवूच नयेत. कॉन्फरन्सने ती स्वतःच्या अधिकारात दुसऱ्या संघाच्या आधी, पहिल्या पानावर छापावीत. पेज तर एकही सामना खेळू शकला नाही, त्यामुळे मतदारांवर सोडलं तर ते नाव येणारच नाही, आणि या कामासाठी 2032 ची वाट बघण्याचीही गरज नाही.